चिकानो म्हणजे मेक्सिकनच ना?

चिकानो नक्की कोण, लॅटिनो कोण आणि काहीजण शेवटी 'एक्स' का लावतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सॅन डिएगोला आमच्याकडे भारतातून कुणी आलं की समुद्रावर जायच्या आधी मी त्यांना चिकानो पार्कला नेते. गाडीतच प्रश्न येतो, "चिकानो म्हणजे मेक्सिकनच ना? इकडे कधी आले हे लोक?"

काहीजण आलेच नाहीत हो. 1848 पर्यंत हा मुलूखच मेक्सिकोचा होता. अमेरिकेबरोबरच्या युद्धात मेक्सिको हरला, ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला आणि माणसं आपापल्या घरात असताना त्यांचा देश बदलला. त्यांच्या मालमत्तेला धक्का लागणार नाही, असं तहात लिहिलं होतं. पण 1851च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या जमीनदारांना मालकी सिद्ध करायला लावली. खटले वर्षानुवर्षं चालले, त्यांच्या खर्चापायी कित्येकांना जमिनी विकाव्या लागल्या. शेतात, रेल्वेवर राबायला सीमा ओलांडून आलेले लोक त्यानंतरचे.

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना 'चिकानो' म्हणून आधी हिणवायचे. साठच्या दशकात तरुणांनी तेच नाव अभिमानाने घेतलं. म्हणून ज्याने ते स्वतः घेतलंय, त्यालाच लावावं. 'लॅटिनो'त क्यूबा, पोर्तो रिको, एल साल्वादोर सगळेच येतात. राहिला शेवटचा 'एक्स'. स्पॅनिशमध्ये पुरुष चिकानो, बाई चिकाना. या दोन्हींत न बसणाऱ्यांनाही सामावून घ्यायला काहीजण 'चिकानएक्स' लिहितात. सगळ्यांना ते पटत नाही. मी समोरचं माणूस स्वतःला जे म्हणवतं, तेच म्हणते.

पार्क आहे पुलाखाली. वर गाड्यांची अखंड घरघर, खाली प्रचंड काँक्रीटचे खांब, आणि त्यांवर ग्वादालुपेची माता म्हणजे मेक्सिकोची मेरी, मेक्सिकन क्रांतिकारक सापाता, शेतमजूर, भडक लाल-निळ्या रंगांत. बॅरिओ लोगान ही जुनी मेक्सिकन वस्ती. आधी महामार्गाने तिचे दोन तुकडे केले, मग 1969मध्ये कोरोनाडोचा पूल डोक्यावर आला. घरं गेली. पुलाखाली बाग मिळेल असा शब्द होता, आणि 22 एप्रिल 1970ला तिथे बुलडोझर आले ते महामार्ग पोलिसांची चौकी बांधायला! बायका, मुलं, विद्यार्थी बुलडोझरसमोर उभे राहिले. बारा दिवस जागा सोडली नाही, तिथेच कुदळी घेऊन झाडं लावली. बाग झाली. खांबांवरची चित्रं त्यानंतरची.

मागे एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. नातीचा हात धरून त्या एका खांबापाशी थांबल्या, पायथ्याजवळची माती चपलेने थोडी सारली आणि मला म्हणाल्या, "माझ्या आईचं स्वयंपाकघर इथं होतं."