रात्री आवाज कमी केला की डग्गा कुठे जातो?

दिवसा मोकळ्या आवाजात तबला भरीव वाजतो. रात्री शेजारपाजारासाठी 20 डेसिबलने आवाज उतरवला की डग्ग्याचा घुमारा जातो, उरते नुसती चाटीची टकटक. मग बरेच जण रूम करेक्शनमध्येच, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज सुधारणाऱ्या फिल्टरमध्येच, बास वाढवून ठेवतात आणि सकाळी तीच सिस्टीम ढबढब करू लागते. मला हे पटत नाही, कारण खोली आणि कान ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

खोलीचा दोष आवाजाच्या पातळीनुसार बदलत नाही. 12 फूट लांबीची खोली 47 हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, 94 ला घुमते. हळू वाजवा की जोरात, तेवढीच. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर हे दोन्ही फुगवटे (जिथे आवाज वाजवी​पेक्षा वाढतो त्या जागा) नेमके कानाशी येतात. डग्ग्याची मींड 94 च्या आसपास पोहोचली की तेवढाच सूर अंगावर येतो.

बदलतो तो कान. कानाला कोणता सूर किती मोठा वाटतो हे दाखवणारे आयएसओ 226 या मानकाचे आलेख पाहा: 80 फॉनवरून (फॉन म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) 60 वर येताना 1000 हर्ट्झ 20 डेसिबलने उतरतो, पण तोल राहायला 50 हर्ट्झ 12 नेच उतरायला हवा. आपण सगळंच 20 ने उतरवतो. खाली 8 डेसिबलची तूट पडते ती अशी.

आधी खोली. पंखा, एसी, फ्रिज बंद. यूमिक-1 हा मोजणीचा यूएसबी माइक कानाच्या उंचीवर, तोंड छताकडे, आणि रू (रूम ईक्यू विझार्ड, REW) या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 90 अंशांचीच कॅलिब्रेशन फाइल (माइकची चूक भरून काढणारी). स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा चाचणीचा सूर) 75 डेसिबलच्या आसपास ठेवा; त्याहून फार हळू घेतलात तर रस्त्यावरची घरघर खालचे खड्डे (जिथे आवाज दबतो त्या जागा) बुजवते आणि आलेख खोटा दिसतो. डोक्याभोवती फूटभरात नऊ जागी मोजून सरासरी घ्या. दुरुस्ती 250 हर्ट्झच्या खालीच, आणि फक्त फुगवटे कापायचे. खड्डा भरायला जाऊ नका. स्पीकर मागच्या भिंतीपासून 1.2 मीटरवर असेल तर 71 हर्ट्झला परतून आलेला आवाज मूळ आवाजाला खातो. तिथे 9 डेसिबल चढवले तर अॅम्प्लिफायरला आठपट ताकद लागते आणि खड्डा तसाच राहतो. स्पीकर सरकवा.

मग कान. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कॅमिलाडीएसपी हे आवाजावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर असेल तर त्यात लाउडनेस फिल्टर आहे; आवाज कमी झाला की तो खालचे-वरचे सूर उचलतो. नेहमीच्या मोकळ्या आवाजाला व्हॉल्यूमचा जो आकडा असतो तो रेफरन्स लेव्हल म्हणून द्या, लो बूस्ट (खालच्या सुरांची वाढ) 8 डेसिबल, हाय बूस्ट (वरच्या सुरांची) 2. व्हॉल्यूम त्या आकड्याच्या खाली गेला की बूस्ट हळूहळू चढतो आणि 20 डेसिबल खाली पूर्ण लागतो. क्लिपिंगचीही (मर्यादेपलीकडे जाऊन आवाज फाटण्याची) भीती नाही, कारण 20 उतरवून 8 च चढवलेले असतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आवाज अॅम्प्लिफायरच्या नॉबने कमी करणं. फिल्टरला त्याचा पत्ताच लागत नाही. नॉब एकदा लावून खूण करा आणि पुढे आवाज कॅमिलाडीएसपीतूनच कमी-जास्त करा. अॅम्प्लिफायरवर जुनं लाउडनेस बटण असेल तर तेही बंद, नाहीतर बास दोनदा चढतो.

ऑडिसी ही रूम करेक्शन प्रणाली असलेल्या एव्ही रिसीव्हरवर (होम थिएटरच्या अॅम्प्लिफायरवर) हेच काम डायनॅमिक ईक्यू करतं, पण ते सिनेमाची पातळी धरून चालतं. गाणी त्याहून मोठ्या पातळीवर रेकॉर्ड केलेली असतात, म्हणून बास जड वाटतो. हा फरक भरून काढणारी सेटिंग म्हणजे रेफरन्स ऑफसेट. तो सिनेमाला 0 ठेवा, शास्त्रीय मैफलीला 5 किंवा 10, फिल्मी गाण्यांना 15.