आमची वाटचाल: खोगिरापासून पाठीपर्यंत

आम्ही सुरुवात केली ती दुरुस्तीपासून. उसवलेली शिवण, घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तुटलेला तंग, पाय ठेवायच्या रिकिबीचे झिजलेले पट्टे. आरी, मेणदोरा आणि एक लांब टेबल एवढंच भांडवल. काम चोख होतं, म्हणून लोक नवी खोगिरं मागू लागले आणि आम्ही ती स्वाराच्या मापाने करून देऊ लागलो. मांडीची लांबी, बैठकीची रुंदी, सगळं मोजायचो. घोडा मात्र बघायलाही जात नव्हतो.

ते एका कुमाईत, म्हणजे तांबूस रंगाच्या, घोडीला भोगावं लागलं. आमचं खोगीर नेल्यावर काही महिन्यांनी मालकीणबाईंनी पागेत बोलावलं. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना अंगठ्याएवढे पांढरे ठिपके उमटले होते. सततच्या दाबाने केसाला रंग देणाऱ्या पेशी मेल्या की पुढे तिथे पांढराच केस येतो, आणि ती खूण बहुधा जन्मभर राहते. घोडीची निगा राखणारा मोतद्दार म्हणाला, "तंग आवळायला गेलं की चावायला येते. खोडील झालीय." मी तिच्या पाठीवरून, कण्याच्या बाजूने तळहात दाबत नेला. खोगिराच्या पुढच्या कडेखाली हात पोचताच तिने पाठ खाली सोडली आणि कान मागे पाडले. ती खोडील नव्हती, तिला दुखत होतं.

त्यानंतर वर्षभर आम्ही शिवण्यापेक्षा शिकण्यालाच जास्त वेळ दिला. पशुवैद्यांबरोबर पागेपागेत फिरलो. घोड्याला बरगड्यांच्या साधारण 18 जोड्या असतात. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे कंबरेला खालून बरगड्यांचा आधार नाही. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाडही नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी आणि त्यांच्या बंधांनी जोडलेले असतात, म्हणून पाय पुढे टाकला की खवाट्याचं, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडाचं, वरचं टोक मागे सरकतं. खोगिराचा सांगाडा अरुंद असला की हे हाड प्रत्येक पावलाला त्याच्यावर आदळतं. चालताना हे सहसा लक्षात येत नाही. दुडकीत, म्हणजे संथ धावेत, घोडा आखूड पावलं टाकतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात!

आता आमच्याकडे मापाची पद्धत ठरलेली आहे. आधी घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करायचा. वाकणारी पट्टी तीन ठिकाणी पाठीवर बसवून तो आकार कागदावर उतरवायचा. खोगिराखालच्या दोन गाद्यांच्या मधली पन्हळ कण्याला कुठेही टेकू द्यायची नाही. मग खोगीर घालून फिरवायचं आणि उतरवल्यावर घाम पाहायचा. सगळीकडे ओलं आणि मधेच एक कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त असल्याची शंका घ्यायची. नव्या मुलांना मी हा कोरडा डाग सगळ्यात आधी दाखवतो, कारण पाहणारा हमखास उलटं समजतो.

शब्दांचाही घोळ होता. पुढच्या पायाचा ज्याला सगळे गुडघा म्हणतात, तो खरं तर आपल्या मनगटाच्या जागचा सांधा. मागच्या पायाचा टोकदार कोपरा म्हणजे आपली टाच. कामगार, मोतद्दार आणि डॉक्टर एकाच सांध्याला तीन नावं द्यायचे. म्हणून आम्ही भिंतीवर घोड्याचं मोठं चित्र लावलं आणि प्रत्येक भागाचं एकच नाव ठरवलं.

विकून मोकळं होणं मात्र आम्ही सोडलं. गादीतली लोकर दबते, घोड्याची पाठही कामाने आणि ऋतूंनी बदलते, त्यामुळे साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करतो. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, पण राहिली ती टिकली.

त्या घोडीचं खोगीर आम्ही परत घेतलं आणि रुंद सांगाड्याचं नवं करून दिलं. तरी पुढचे कित्येक आठवडे तंग दिसला की तिचे कान मागे जायचे. दुखणं थांबलं होतं, आठवण थांबली नव्हती. आम्ही मोतद्दाराला सांगितलं, तंग एकदम आवळू नका, एकेक भोक, मधे दोन-चार पावलं चालवून. एका सकाळी मी स्वतः तंग लावला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.