रेशो ट्रान्सफॉर्मरचा खोका: नोंद तिसरी

मागच्या नोंदीत खोका घरी आला होता, एवढंच. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी: अंबडला एका भंगारवाल्याकडे जळक्या मोटारींच्या ढिगाखाली सहा डायलचा जुना एसी रेशो ट्रान्सफॉर्मर सापडला, म्हणजे दिलेल्या एसी व्होल्टेजचा डायलवर लावू तेवढा अचूक हिस्सा काढून देणारा खोका. चाचा तो फोडून तांबं काढायच्या बेतात होते. तांब्याच्याच भावाने वजनावर सौदा केला. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत तो कसा चढवला ते माझ्या कंबरेला विचारा.

एवढ्या जुन्या मालावर भरवसा का, असं दोघांनी विचारलं होतं. यात दहा तारा दोरखंडासारख्या पिळून एकाच टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या चुंबकीय गाभ्यावर) गुंडाळलेल्या असतात आणि मग टोकं एकापुढे एक जोडलेली. सगळ्या तारांना जवळपास तोच चुंबकीय फ्लक्स मिळतो, त्यामुळे व्होल्टेजचे दहा सारखे भाग पडतात. रेझिस्टर वयाबरोबर सरकतो. शंभर वेढे मात्र पन्नास वर्षांनीही शंभरच असतात. म्हणून चांगला खोका १ किलोहर्ट्झला दहा लाखांत एखाद्या भागापर्यंत बरोबर राहतो, तोही दरवर्षी कॅलिब्रेशनला न पाठवता.

बिघडतं ते वेढ्यांच्या आजूबाजूचं. पहिलं म्हणजे स्विच. चांदीचे संपर्क काळे पडले होते, डायल फिरवला की नल (दोन व्होल्टेजमधला फरक शून्य होण्याची जागा) दाखवणारी रेषा नाचायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट नसलेलं कापड, प्रत्येक डायल पन्नासेक वेळा इकडून तिकडे. पॉलिश पेपर लावायचा मोह आवरला. दोन संध्याकाळी गेल्या, नाचणं थांबलं.

दुसरी चूक माझी. सर्किट तुटलंय का बघायला मल्टिमीटर ओहमवर लावून टर्मिनल तपासले. हे करू नये, हे मला माहीत होतं, तरी हात गेलाच! मीटरचा डीसी करंट गाभ्याला एका बाजूने चुंबकत्व देऊन जातो. या गाभ्याची पर्मिअबिलिटी (चुंबकत्व सहज घेण्याचा गुण) इतकी जास्त असते की थोडका करंटही पुरतो. साउंड कार्डच्या स्पेक्ट्रमवर दुसरी हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुपटीची लहर) उभी राहिलेली दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला.

उतारा सोपा आहे. प्लेटवर कमाल व्होल्टेज ०.३५ गुणिले वारंवारता असं कोरलंय. म्हणजे १ किलोहर्ट्झला ३५० व्होल्ट, पण ५० हर्ट्झला फक्त १७.५. (घरचे २३० व्होल्ट थेट लावणाऱ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.) डिमरस्टॅटच्या (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पुढे छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, ५० हर्ट्झचे १७ व्होल्टपर्यंत चढवले आणि मिनिटभर घेत सावकाश शून्यावर आणले. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. माझी एकदा गेलीच. दुसऱ्या खेपेला हार्मोनिक खाली बसली.

आता महिन्यातलं खरं काम. हाताशी दुसरं कुठलंही स्टँडर्ड नसताना खोका स्वतःच तपासायचा कसा? दोन १० किलोओहमचे साधे मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये खोक्याच्या इनपुटवर आडवे टाकले. मधला सांधा आणि खोक्याचं आउटपुट यांच्यामध्ये नल डिटेक्टर. डायल फिरवून नल: ०.५००२१३. मग रेझिस्टर तसेच ठेवून फक्त खोक्याची दोन टोकं अदलाबदल केली. नवा नल: ०.४९९७८८. खोका बिनचूक असता तर बेरीज बरोबर १ आली असती, आली १.०००००१. त्या जादाचं अर्धं म्हणजे मध्यावरची चूक, दहा लाखांत अर्धा भाग. रेझिस्टर किती वाईट आहेत याने काही फरक पडत नाही, फक्त दोन वाचनांच्या मधल्या वेळात ते हलता कामा नयेत. पहिल्या दिवशी ते हलत होते, कारण वरचा पंखा चालू होता. पंखा बंद करून घाम पुसत घेतलेली वाचनं मग दर वेळी जुळली.

वारंवारता ९८५ हर्ट्झ ठेवलीय, १००० नाही. हजार ही ५० हर्ट्झची विसावी हार्मोनिक. महावितरणची घरघर नेमकी तिथेच येऊन बसते.

खोका बरा निघाला, म्हणून लगेच कपॅसिटर जोडले. ॲलन ब्लूमलाइन, स्टिरिओ ध्वनिमुद्रणावाला तोच, त्याने १९२८ साली घट्ट जोडलेल्या वेढ्यांचा ब्रिज (दोन बाजू तोलून मोजणारं सर्किट) पेटंटला टाकला होता. ही त्याचीच वाट. वरच्या टोकाला अनोळखी पॉलिस्टायरीन, खालच्या टोकाला माझा १००० पिकोफॅरडचा सिल्व्हर मायका, दोघांच्या सांध्यावर डिटेक्टर, आणि खोक्याचा टॅप (डायलने निवडलेलं आउटपुट) अर्थिंगला. अर्थिंग टॅपलाच हवं, म्हणून ऑसिलेटर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून तरंगता ठेवला. सांध्यापासूनच्या केबलची कपॅसिटन्स अशाने डिटेक्टरच्या आडवी पडते आणि नलवर तिचं काही चालत नाही. वेगवेगळ्या लांबीच्या तीन केबल लावून पाहिल्या; आकडा हलला नाही, फक्त नल जरा बोथट झाला. नल आला ०.५०२१३७ वर. याला उरलेल्या ०.४९७८६३ ने भागलं की अनोळखी कपॅसिटरचं मायकाशी गुणोत्तर १.००८५८.

पूर्ण शून्य मात्र मिळालं नाही. दोघांच्या लॉसमध्ये (आत वाया जाणाऱ्या ऊर्जेत) फरक आहे, त्यामुळे फेजमध्ये नव्वद अंशांनी सरकलेला भाग उरतोच. साउंड कार्डच्या दोन्ही चॅनलवर सॉफ्टवेअरने फेज वेगळी करून तो बाजूला काढला. मायकाच्या मालिकेत लहान रेझिस्टर घालून तो खरोखर मारायचा बाकी आहे.

जाता जाता मल्टिमीटरचा एसी रेंजही या खोक्याने एकदशांशाच्या पायऱ्यांनी तपासला. वरच्या भागात सरळ रेषा, रेंजच्या दहा टक्क्यांखाली वाचन वाकडं. ट्रू आरएमएस मीटर खाली असेच वागतात, म्हणून त्याला दोष दिला नाही. वहीत फक्त लाल रेघ मारली.

एक गोष्ट अजून खटकतेय. माझ्या डायलना ९ च्या पुढे १० चीही जागा आहे, म्हणजे ०.५० आणि ०.४ वर पुढचा डायल १०, ही दोन्ही एकच असायला हवीत. माझ्याकडे त्यांच्यात दहा लाखांत तीन भागांचा फरक येतो. दुसऱ्या डायलचा स्विच पुन्हा उघडतोय.