तुम्ही विचारलंत म्हणून: पाकिटावरची आजी कुठे गेली?

"आजीला का काढलंत हो?"

दादरच्या पुलावर विचारून झालं, मावसबहिणीच्या साखरपुड्यात विचारून झालं. परवा दाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. आमच्या मालवणी मसाल्याच्या पाकिटावर नथ-कुंकवातली हसरी आजी होती, नावातही आजी होती. आता नुसती अक्षरं आहेत आणि आमचं आडनाव. मसाला तोच आहे. ब्याडगी आणि संकेश्वरीचं प्रमाण तेच, लालबागचं कांडपही तेच. तरी लोकांनी कारणं शोधलीच. अंकशास्त्र झालं, बहिणीशी भांडण झालं, भागीदार फुटला. भागीदार मुळात नव्हताच.

आजवर मी एकच उत्तर देत आले, "ट्रेडमार्कचं लफडं झालं." ते खोटं नाही. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४५०० रुपये पडतात, ते मी भरले. मग परीक्षण अहवाल आला, त्यात कलम ११ दाखवलं होतं, म्हणजे आधीच्या नावांशी साम्य. साहजिकच आहे. खाण्याच्या धंद्यात आज्या कमी आहेत का? पण उत्तर द्यायला महिन्याची मुदत असते आणि वकीलबाई म्हणाल्या होत्या, "चित्रासकट नाव वेगळं दिसतंय, लढू या." मीच लढले नाही. तो कागद आला तेव्हा खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. निमित्त हवंच होतं.

त्याआधीच्या दिवाळीत पार्ल्याला प्रदर्शनात आमचं टेबल होतं. दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली. एक आजोबा आले, ऐंशीच्या आसपासचे, हातात कापडी पिशवी, मागे सून. त्यांनी पाकीट उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचा मजकूर वाचायला घेतला. तो मजकूर मीच लिहिला होता. गिरणगावातली खानावळ, आजीचा हात, वगैरे.

"खंयची खानावळ?"

मी चाळ सांगितली, माळा सांगितला. आजोबांनी खोलीचा नंबर सांगितला. बरोबर होता. सात वर्षं जेवले होते तिथे, संप होईपर्यंत. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, दोन-तीन महिन्यांनी ते गावी गेले आणि शेवटच्या महिन्याचे पैसे द्यायचे राहिले, असं त्यांनी मला, म्हणजे तिच्या नातीला, अगदी ओशाळून सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, आता हे पाकीट बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. खोटं कशाला सांगू, सुनेने फोटो काढला तर तो पुढे वापरता येईल, हेही मनात येऊन गेलं.

त्यांनी पाकीट उलटं केलं. "आणि ही कोण गो?"

"आजी. माझीच."

बराच वेळ बघत राहिले. मग पाकीट हळूच ढिगावर परत ठेवलं, चित्र खाली करून. "ही ती न्हय, बाय. तिचा कपाळ मोकळा होता. घोव गेलो म्हणान तर तिना खानावळ घातल्यान."

ओरडले नाहीत, टोमणाही नव्हता. सून म्हणाली, "बाबा, चला." त्यांनी पाव किलो मसाला घेतला, तोही साध्या पिशवीत बांधून मागितला. पैसे जरा जास्तच ठेवले. मी परत द्यायला गेले तर म्हणाले, "ऱ्हवंदे. तेव्हाचे."

माझे आजोबा लवकर गेले हे मला माहीत होतं. आजी खानावळ चालवायची हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या, पण एकीमुळे दुसरी झाली हे कधी जोडून बघितलंच नाही. आजी गेली तेव्हा मी तीन वर्षांची. तिचा एकच फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, तिसऱ्या रांगेत, चेहरा वाटाण्याएवढा आणि कपाळ उडालेलं. डिझायनर मुलाने त्यावरून चित्र केलं, नथ त्याची आणि कुंकूही त्याचंच. पण पहिला छापील नमुना आला तेव्हा कुंकू विटकरी दिसतंय म्हणून तक्रार मी केली होती. "जरा ठसठशीत करा." पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. त्या लालासाठी मी एका सिलिंडरचे जास्तीचे पैसे मोजले. पदरचे.

घरी येऊन आईला विचारलं, "तुला दिसलं नव्हतं?"

आई लसूण सोलत होती. "दिसलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, धंद्याला तशीच लागते."

आता तेव्हाची मी काय म्हणाली असती तेही सांगते, कारण ती काही मूर्ख नव्हती. ती म्हणाली असती, चित्र हे चित्र असतं. एअर इंडियाचा महाराजा १९४६ पासून वाकून नमस्कार करतोय, त्याचं संस्थान कुठलं असं कोणी विचारलं नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, त्या पोराची शाळा कुणी तपासली नाही. मग माझ्याच आजीकडे दाखला का मागता? मुद्दा बिनतोड आहे. पण महाराजाला कुणी माझे काका म्हणून टेबलावर मांडलं नव्हतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचे, "हो हो, माझ्याच आजी."

मग खरी आजी काढून घ्यायची, मोकळ्या कपाळाची, असंही करून पाहिलं. डिझायनर दोन दिवसांनी चाचरत म्हणाला, "ताई, सणासुदीला गिफ्ट पॅकमध्ये... लोक घेणार नाहीत." मला त्याचा राग आला, आणि तो बरोबर बोलतोय हेही कळलं, म्हणून जास्तच राग आला.

भाची तर उलट माझ्यावरच उखडली. तिचं म्हणणं, २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसायची प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि तू पाकिटावर चुकून मिळालेलं कुंकू पुसायला निघालीस? "तिला पाहिजे होतं की नाही, कुणी विचारलं होतं?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, तिला कुंकवापेक्षा रॉकेल वेळेवर मिळालेलं जास्त आवडलं असतं.

शेवटी अक्षरं घेतली. लहानपणी पेपरात नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यात कमल शेडगे यांनी काढलेलं नुसतं नाव बघून नाटक हसवणारं की रडवणारं ते कळायचं. तेवढी ताकद आमच्या अक्षरांत नाही, हे मान्य. बहीण म्हणते, पाकीट औषधाच्या दुकानातलं वाटतं. विक्री उतरली, ती अजून पूर्ण सावरलेली नाही. जुने दोनेक हजार पाऊच माळ्यावर पडून आहेत. आई त्यांत कोकमं भरून नातेवाइकांना वाटते, चित्र दर्शनी ठेवून. मी तिला काही बोलत नाही.

आणि फोन येतात ते अजूनही असेच, "तो आजीवाला मसाला आहे का?"

"आहे," मी म्हणते. "पाव किलो की अर्धा?"