सोपं गेलं की सोपं आलं?

मार्चमधला रविवार. आदल्या दिवशी मुलांची सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, झाली होती आणि "मॅडम, फक्त अर्धा तास येतो" असं म्हणून चौघंही सकाळी साडेनऊलाच नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या क्लासवर हजर. येताना पोहे बांधून आणलेले, तर्रीची पिशवी वेगळी. सगळी अकरावीची. मी त्यांना मनातल्या मनात मोहल्ल्यांनीच ओळखते: मनीषनगर, सदर, प्रतापनगर आणि हुडकेश्वर. हुडकेश्वर म्हणजे चौघांतली एकटी मुलगी. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजीत शिकलेली. बाकी तिघं कॉन्व्हेंटचे.

ती सगळ्यांत खुशीत होती. चपला काढता काढताच म्हणाली, "मॅडम, दुसरं मॉड्यूल तर इतकं सोप्पं गेलं ना!"

मी पोह्यांवर तर्री घालत होते. मान वर केली नाही.

झालंय असं, की २०२३ पासून आपल्याकडे ही परीक्षा संगणकावर होते आणि ती चालाख झाली आहे. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, दोन सारखे भाग, म्हणजेच मॉड्यूल. पहिला भाग सगळ्यांना साधारण एकाच तोलाचा. तो कसा सोडवला त्यावरून दुसरा ठरतो: बरा सोडवला तर अवघड, नाही तर सोपा. सोपा भाग मिळाला की त्यातले सगळे प्रश्न बरोबर आले तरी वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणून "सोपं गेलं" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही, मीच शिकवलं होतं. पण पेपर देऊन आलेल्या मुलाला सोपं गेल्याचा आनंद आधी होतो, गणित नंतर सुचतं. मी गप्प बसले. त्यांचा निकाल मी कशाला लावू?

तोवर इकडे जुंपली होती. मनीषनगर आणि सदर एकाच प्रश्नावर अडले होते.

"काय बोलून राहिला बे तू? हाउएव्हर आला की आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. संपला विषय!"

"प्रत्येक वेळी नाही ना पण!"

मी फळ्यावर डस्टर आपटलं. परीक्षेतला प्रश्न बाहेर सांगायचा नाही, असा नियम आहे आणि तुम्ही तो मान्य करूनच परीक्षेला बसला होता. प्रश्न नको, भांडायचं तर नियमावर भांडा, वाक्य मी देते. मग संत्र्यांवरच इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. पुष्कळांना वाटतं, नागपुरी संत्री हिवाळ्यातच मिळतात. हे खरं नाही, हाउएव्हर, मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. 'हाउएव्हर'च्या दोन्ही बाजूंची चिन्हं पुसून टाकली. अर्धविराम आधी की नंतर?

मनीषनगरने आधी दिला. का, तर "तुम्हीच शिकवलं, मॅडम." खरं होतं. मीच पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. दहापैकी आठ वेळा तो पाढा चालतो. उरलेल्या दोन वेळा दगा देतो, आणि अवघड भागात नेमक्या त्या दोनच वेळा येतात. सदर म्हणत होता नंतर, पण का ते त्याला सांगता येईना. प्रतापनगर पोहे खात होता.

"मॅडम, त्याच्या जागी 'मात्र' टाकून पाहू?" हुडकेश्वरने विचारलं. "'हे खरं नाही मात्र.' मात्र मागच्याला चिकटतं ना. लोकांना एक वाटते, पण ते खरं नाही, इथं उलटं झालं. संत्री मार्चमध्ये येतात हे तर कारण आहे, त्यात उलटं काय?"

मी खडू खाली ठेवला. स्वल्पविराम आधी, अर्धविराम नंतर. बरोबर. वीस वर्षं शिकवते आहे, पण मात्रवरून हाउएव्हर समजवावं हे मला कधी सुचलं नव्हतं. (आमचे शाळेतले सर वाक्याच्या सुरुवातीचा 'मात्र' लाल शाईने खोडायचे. आता अर्ध्या बातम्या त्यानेच सुरू होतात. असो.) विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर कँडीने, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरून. इथे मराठीने इंग्रजीची उधारी फेडली म्हणायची.

त्या कौतुकाच्या भरात मी घोडचूक केली. "असल्या धाटणीचा प्रश्न कुणाकुणाला होता रे?"

तीन हात वर गेले. तिचा हात प्लेटवरच राहिला.

पूर्वी कागदावर परीक्षा व्हायची तेव्हा सेंटरवरच्या सगळ्यांना साधारण एकच पेपर असायचा; कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, जिन्यातच निकाल लागायचा. आता उत्तरं जुळवायला बसलं की उत्तरं बाजूलाच राहतात. कोण कुठल्या वाटेने गेलं, तेवढं कळतं.

मनीषनगर बोलून बसला, "मग तुझं सोपंवालं..." आणि तिथेच थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सोपं गेलं म्हणजे सोपं आलं होतं का?"

मी तिला सांगितलं की एकाच भागातही प्रत्येकाचे प्रश्न वेगळे असतात. प्रत्येक भागात दोन प्रश्न तर नुसते चाचणीसाठी असतात, त्यांचे गुणच नसतात. हे तिघं भांडताहेत तो त्यांतलाच असेल. इथे सीईटीसारखी उत्तरतालिका नाही, तिच्यावर हरकत घेणं नाही, निकाल दोनेक आठवड्यांनी. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती मान हलवत होती, पण दवाखान्याबाहेरच्या बाकावरचे नातेवाईक हलवतात तशी.

"पहिल्या भागात काय झालं?" मी विचारलं.

"ती कविता होती ना... तिथंच अडकली मी. शेवटचे दहा-बारा तुक्के मारले."

म्हणजे व्याकरण गेलं. प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात: आधी उतारे, मग व्याकरण, शेवटी मुद्दे जोडणं. जे तिला सगळ्यांत चांगलं येतं तिथे पोचेस्तोवर घड्याळ संपलेलं. भागाच्या आत मागेपुढे उडी मारता येते, हे तिला माहीत होतं. आधी व्याकरणाला हात घाल, असं मी मात्र एकदाही बजावलं नव्हतं.

तिने कपाटातून एक जुना सराव-संच काढला, मोबाइलवर ३२ मिनिटं लावली आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन सोळाव्या प्रश्नापासून सुरुवात केली. "मेमध्ये परत बसते," एवढंच म्हणाली.

मनीषनगरने स्वतःच्या वाट्याची तर्री गुपचूप तिच्या पोह्यांवर ओतली. मग फळ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "पण मॅडम, अर्धविराम आधी दिला तरी चालेल ना?"