दात दुधात, रुमालात नाही

खो-खो शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं माझा प्रथमोपचार म्हणजे हळद, चोळायचं मलम आणि "काही होत नाही, ऊठ!" मग एका मे महिन्याच्या शिबिरात बारा वर्षांच्या पोरानं खांबावर सूर मारला, अंदाज चुकला आणि पुढचा दात मातीत. मी तो उचलला, रुमालानं खसाखसा पुसला आणि त्याच रुमालात गुंडाळून तासाभरानं दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी रुमाल उघडून माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही. दात वाळला होता. मुळावरचा नाजूक पापुद्रा मीच घासून काढला होता.

असा कायमचा दात पडला तर तो पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर हळूच विसळायचा. जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवून पोराला कापडावर चावून धरायला सांगायचं, नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात दंतवैद्य गाठायचा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायच्या फंदात पडायचं नाही.

तेव्हापासून मैदानावर मला जखमेपेक्षा मदतीला धावणाऱ्या हातांचीच जास्त धास्ती वाटते, माझ्या हातांसकट. नाकातून रक्त आलं की कोणीतरी आजोबा पोराची मान मागे करतातच. मग रक्त घशात उतरतं आणि पोरगं ओकतं. मी पोराला बसवतो, पुढे वाकवतो, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावतो आणि घड्याळ लावून १० मिनिटं सोडू देत नाही. मधेच "थांबलं का बघू" म्हणणारे पालक भेटतातच, त्यांना मी पाणी आणायला पाठवतो. घोटा मुरगळला की चोळून द्यायला चार जण तयार. चोळायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पेप्सीकोल्याच्या गोठलेल्या नळ्या मिळतात, त्या टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवतो, पाय उंचावर टेकवतो. नंतर त्या नळ्या कोण खातं हे विचारू नका.

खरी परीक्षा डोक्याच्या माराची. दोन वर्षांपूर्वी निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सरावात दोन मुली समोरासमोर धडकल्या. एकीनं लगेच उठून "सर, मी बरी आहे" म्हटलं. पाच मिनिटांत तिनं मला तीनदा विचारलं, "आपली पाळी पळतीची ना?" बेशुद्ध पडली नव्हती, टेंगूळही नव्हतं. पण मेंदूला हिसका बसायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. मी तिला बाहेर बसवलं, डॉक्टरांकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशीही उतरू दिलं नाही. तिचे वडील चिडले: वर्षभराची मेहनत, सर! त्यांचं चुकलं असं नाही म्हणणार, माझाही जीव तुटत होता. पण पहिला हिसका बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर ते जिवावर बेतू शकतं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी एक लहान, यातलं काहीही दिसलं की वाट न बघता १०८. मान दुखतेय म्हणाली तर मुळीच हलवायचं नाही. चारजणांनी उचलून कडेला नेणं ही आपली जुनी खोड.

ती मुलगी तीन आठवड्यांनी परतली. आधी नुसतं चालणं, मग हलकं पळणं, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच खो.

माझ्या पेटीत आता हातमोजे, पट्ट्या, तिकोनी कापड, कात्री, ओआरएसची पाकिटं, दम्याचा त्रास असलेल्या दोघांचे पंप (नावं लिहून) आणि पालकांचे फोन नंबर आहेत. दूध पेटीत ठेवता येत नाही. ते पलीकडच्या टपरीवर. मी पळत आलो की टपरीवाला भांड्याला हात घालायच्या आधी ओरडतो, "चहाला की दाताला?"