मुक्कामाला अंगण

आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर ह्यांनी भविष्यनिर्वाह निधीतील बरीचशी रक्कम एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घातली, तेव्हा कोथरूडच्या आमच्या सोसायटीने त्यांना वेड्यात काढले. भोसरीच्या एका कारखान्यात तीत दोन बिछाने, ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी आणि जेमतेम उभे राहता येईल असे स्वच्छतागृह बसवले आणि आरसी बुकवर त्या बदलाची रीतसर नोंद होईपर्यंत आमचा धीर सुटायची वेळ आली. सोसायटीच्या कमिटीने ती आवारात लावू दिली नाही, म्हणून ती माझ्या भाच्याच्या भूगावच्या प्लॉटवर उभी असते.

गाडी घेण्यामागे देशाटनाची हौस कमी आणि मित्रांची ओढ अधिक होती. ह्यांच्या महाविद्यालयातील मित्रमंडळी वाई, कोल्हापूर, देवरुख अशी पांगली आहे. साठीपर्यंत आम्ही एकमेकांकडे बिनधास्त मुक्कामाला जात असू; पुढे गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीचे शौचालय अवघड झाले, झोपेत श्वास अडू नये म्हणून ह्यांना सीपॅप यंत्र लागू लागले आणि मित्रांच्या सुना घरूनच कामाच्या मीटिंगा घेऊ लागल्या. आपल्यामुळे कोणाची खोली अडते आहे हे जाणवले की दुसऱ्याच दिवशी परतीची भाषा सुरू होते. अखेरीस भेटी लग्नकार्यापुरत्या आणि समाचाराला जाण्यापुरत्या उरल्या होत्या.

पहिला मुक्काम वाईला केला आणि तिथेच रुसवा ओढवून घेतला. खंबाटकी घाट चढून अकराच्या सुमारास आम्ही त्यांच्या अंगणात गाडी लावली आणि रात्री आम्ही गाडीतच झोपणार असे कळताच वहिनी म्हणाल्या, “आमचं घर काय मोडून पडलंय का?” त्यांचे चुकले असे मला वाटत नाही, कारण दारात आलेल्या माणसाने स्वतःचे अंथरूण घेऊन यावे ही कल्पनाच आपल्याकडे अपमानाची आहे. मग जेवण त्यांच्या स्वयंपाकघरात आणि सकाळचा चहा आमच्या गाडीत, असा तह झाला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला, आम्ही डोळे चोळत असताना, वहिनी शाल पांघरून गाडीच्या दारावर टकटक करीत होत्या. तो चहा आठ वाजेपर्यंत चालला. नंतर आम्ही चौघे मेणवलीच्या घाटावर गेलो, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज घंटेवरील १७०७ हा आकडा वाचण्यासाठी दोघे मित्र एकच चष्मा आळीपाळीने लावत होते. एक रात्र राहायचे ठरवून गेलेले आम्ही चार रात्री राहिलो.

परदेशात अशा गाड्यांसाठी वीज, पाणी आणि मैला टाकण्याची सोय असलेले तळ ठिकठिकाणी असतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, परंतु आमच्या वाटेवर तरी मित्राचे अंगण हाच तळ आहे. आमच्या १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते; तिच्यावर दिवे, पंखा आणि सीपॅप रात्रभर चालतात, मात्र दीड टनाचा एसी लावला तर ती तासाभरात मान टाकते. म्हणून घरातून वायर ओढावी लागते. कोल्हापूरला ती आम्ही टेबलफॅनच्या जोडवायरीवर निभावली, तीही गुंडाळी न सोडता, आणि मध्यरात्री जळका वास आला तेव्हा प्लग वितळून सॉकेटला चिकटला होता. तेव्हापासून जाड तांब्याची २० मीटर वायर आमच्या सामानात सर्वांत आधी चढते.

मैल्याच्या टाकीचा विषय मात्र केवळ जिवलग मित्राकडेच काढता येतो. ती टाकी गाडीतून वेगळी काढून त्यांच्या शौचालयात रिकामी करावी लागते, आणि सेप्टिक टँकमधील जिवाणू मरू नयेत म्हणून आम्ही तीत तीव्र रसायने घालत नाही. हे काम हे स्वतः करतात, सगळे झोपलेले असताना. भांड्यांचे पाणी केळीला जाते. फोडणी आम्ही गाडीत कधीच करीत नाही, कारण एकदा केलेल्या लसणीच्या फोडणीचा वास उशांना दोन दिवस येत होता.

देवरुखला आंबा घाटाने उतरलो. मित्राच्या घराकडे जाणाऱ्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आणि वर फणसाची फांदी. आमची गाडी साडेनऊ फूट उंच. ह्यांचा परवाना वयोमानाप्रमाणे आता पाचच वर्षांचा मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखलाही लागतो, पण त्या पाणंदीतून गाडी मागे घेण्याची परीक्षा कुठलेच आरटीओ घेत नाही. शेवटी मित्राने कोयतीने फांदी तोडली आणि मी व त्यांची पत्नी दोन्ही गडग्यांवर चढून इंच-इंच अंतर ओरडून सांगत राहिलो. अंगण उतरते होते. ओट्यावरच्या पातेल्यातील पाणी एका कडेला गेलेले पाहून त्यांनी घरातले दोन जुने पाट चाकांखाली दिले. वाईचे दोघेही बसने तिथे आले होते. रात्री सहा जणांनी पडवीत पत्ते मांडले आणि डाव मोडला तेव्हा दोन वाजले होते.

गेल्या आठवड्यात देवरुखहून एक फोटो आला. पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर, पावसाची झड लागणार नाही अशा बेताने, त्यांनी १५ अँपिअरचा नवा पॉइंट बसवून घेतला आहे आणि खाली ते दोन्ही पाट भिंतीला टेकवून ठेवले आहेत.